बियाणे कोणाचे?

मूल न होण्याविषयी बोलताना आपल्याकडे शेतीची भाषा आपोआप येते. "वावरच पडीक असन तं बियाणं काय करन, डॉक्टरसाहेब?" हे वाक्य थोड्याफार फरकाने यवतमाळ जिल्ह्यातील माझ्या दवाखान्यात वर्षानुवर्षे ऐकू येते. बहुधा सोबत आलेल्या सासूबाईंच्या तोंडून येते, आणि सून खाली मान घालून बसलेली असते. बोलणाऱ्यांच्या मनात दुष्टावा क्वचितच असतो. पुरुष बी देतो, स्त्री म्हणजे जमीन, ही कल्पनाच भाषेत खोल रुजली आहे. वांझ हा शब्द आपण जमिनीलाही लावतो आणि स्त्रीलाही. पुरुषासाठी जे शब्द आहेत त्या शिव्या आहेत, आणि त्यांचा अर्थही वेगळाच.

जुन्या काळातील लोकांना दोष देता येत नाही. लेव्हेनहूक यांनी सूक्ष्मदर्शकातून शुक्रपेशी पाहिल्या त्या १६७७ मध्ये. सस्तन प्राण्याची अंडपेशी फोन बेअर यांना दिसली ती थेट १८२७ मध्ये. मधल्या दीडशे वर्षांत शुक्रपेशीतच इवलासा संपूर्ण जीव दडलेला असतो, असे युरोपातील काही विद्वानही मानीत होते. दोन पेशींची केंद्रके एकत्र येतात हे ऑस्कर हर्टविग यांनी समुद्री अर्चिनच्या अंड्यांत पाहिले, ते वर्ष १८७६. म्हणजे आईचा वाटा किती, हे माणसाला कळून अजून दोनशे वर्षेही झालेली नाहीत.

पण कापसाच्या जिल्ह्यात ही गैरसमजूत टिकून राहावी याचे मला नवल वाटते. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात वनस्पतींचे आणि मानवाचे प्रजनन एकाच प्रकरणात दिले आहे. पुष्कळ वर्गांत फुलाची आकृती फळ्यावर निघते आणि पुढची पाने 'घरी वाचा' म्हणून सोडून दिली जातात. मला शाळेत बोलावले की मी सोबत पराटीची ताजी फुले नेतो. सकाळी उमललेले फूल दुधी-पिवळसर असते, दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होते, एवढे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. मग फूल उभे चिरायचे. मध्यभागी स्त्रीकेसराचा दांडा, त्याच्याभोवती पुंकेसरांचे झुपके आणि तळाशी अंडाशय. अंडाशय म्हणजेच उद्याचे बोंड, आणि त्यात रांगेने बसलेली पांढरी, बारीक बीजांडे. परागकण कुक्षीवर पडतो, त्याची नळी खाली उतरत जाते आणि त्यातील नरपेशी बीजांडातील अंडपेशीला मिळते. तेव्हा कुठे सरकी तयार होऊ लागते. बोंडात जेवढ्या भरीव सरक्या, तेवढ्या वेळा हा संयोग स्वतंत्रपणे घडलेला असतो.

तेव्हा शेतकरी जे जमिनीत टाकतो ते नराचे बीज नव्हेच. ते आईबापांचे जन्मलेले मूल आहे! जमीन ही त्याची दाई फार तर.

संकरित वाणांनी तर याचा पुरावा घरोघरी पोहोचवला आहे. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी संकर-४ हे कापसाचे वाण दिले. अशा बियाण्यासाठी एका वाणाच्या कळीतून संध्याकाळी पुंकेसर हाताने काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग तिच्या कुक्षीवर लावतात. एक वाण आई, दुसरे बाप. या पिकाची घरची सरकी पुढल्या वर्षी पेरली तर पीक एकसारखे येत नाही, कारण दोघांचे गुण पुन्हा वेगवेगळे वाटले जातात. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरची मुलेही पुढे सरकतात. आणखी एक गोष्ट मला स्वतःला फार आवडते. सरकीचे बाहेरचे आवरण आईच्याच पेशींचे असते आणि त्या आवरणातील एकेक पेशी लांबत जाऊन धागा बनते. आपण जो कापूस विकतो तो सगळा आईकडचा.

माणसात हिशेब असाच आहे. अंडपेशीची २३ गुणसूत्रे, शुक्रपेशीची २३. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका मात्र आईकडूनच येतात. मुलगा की मुलगी, हे कोंबडीत मादीच्या अंडपेशीवर ठरते. शेळीत बोकडाच्या आणि माणसात पुरुषाच्या शुक्रपेशीवर. सलग तीन मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरात मी हे वाक्य मुद्दाम सासऱ्यांकडे पाहून उच्चारतो.

आणि मूल होत नसेल तर? वर्षभर नियमित शरीरसंबंध असूनही गर्भधारणा झाली नाही, किंवा स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असताना सहा महिन्यांत झाली नाही, तर दोघांनी एकत्र यावे. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणासोबत आढळते. तरीही माझ्याकडे येणाऱ्या फायलींत तिच्या सोनोग्राफ्या, रक्ताच्या तपासण्या, कधी दुर्बिणीची शस्त्रक्रियासुद्धा असते. त्याचा एकही कागद नसतो. वीर्यतपासणीला सुई लागत नाही, भूल लागत नाही, खर्चही थोडा. आधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचा, एवढेच पथ्य. ती सर्वांत आधी व्हायला हवी.

असाच एक तरुण शेतकरी बरीच समजूत घातल्यावर तपासणीला तयार झाला. अहवालात शुक्रपेशी कमी आणि मंद निघाल्या. बराच वेळ तो काही बोलला नाही. मी सांगितले की एका अहवालावर निदान होत नाही. खर्रा पूर्ण बंद करायचा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे. तीन महिने कशाला, असे त्याने विचारले. शुक्रपेशी तयार होऊन बाहेर यायला साधारण अडीच महिने लागतात, आज केलेला बदल त्यानंतरच दिसतो, असे मी म्हटले. त्याने बोटांवर मोजले.

"म्हंजे पाते लागल्यापासून बोंड फुटेपर्यंत," तो म्हणाला आणि चिठ्ठीवर पुढची तारीख लिहून मागितली.