चुना

आमच्या घरात चुना सगळीकडे असे. आजीच्या पानाच्या डब्यातल्या चुनाळ्यात, गणपतीआधी भिंतींवर, पाय लचकला की हळदीबरोबर घोट्यावर. तान्ह्याला दूध पचेनासं झालं की आजी चुन्याची निवळी चमच्यानं पाजायची. पोटातला आंबटपणा मोडतो, एवढंच तिला ठाऊक होतं आणि तेवढं तिला पुरत होतं. पुढे नोकरीत मी जन्मभर ज्या विषयाच्या मागे राहिले तो याहून वेगळा नव्हता. तिथे आंबट झालेली असायची ती माती.

जयगडच्या खाडीकाठी आमचं गाव. ओहोटी लागली की बायका टोपल्या घेऊन चिखलात उतरत आणि शिंपले, कालवांची कवचं वेचून आणत. भट्टीत कोळशाचा थर, शिंपल्यांचा थर, पुन्हा कोळसा अशी रचना असे. शंभर किलो शुद्ध शिंपला पुरता भाजला तर छप्पन किलोच कळीचा चुना उरतो, बाकीचं वजन वायू होऊन निघून जातं. त्या कळीवर पाणी शिंपडलं की ती तापून सुस्कारे टाकते, फुलते आणि तिची पांढरी भुकटी होते. आम्हा मुलांना त्या वेळी लांब उभं करत. कण डोळ्यात गेला तर डोळा जाण्याची भीती.

चुना मोजून घालायचा असतो हे मी वडिलांकडून शिकले. सुपारीवर पावसाळ्यात कोळेरोग पडतो, त्यासाठी मृगाच्या आधी बोर्डो मिश्रण फवारायचं. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, मग एकत्र करायचे आणि त्यात घासून लख्ख केलेला विळा क्षणभर बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण अजून आम्ल आहे, पानं करपतील. चुन्याची आणखी निवळी ओतायची. पातं स्वच्छ निघालं की गडी पोफळीवर चढायला मोकळा. बाबा हे अंदाजानं कधी करत नसत. विळा बुडवल्याशिवाय त्यांनी एकदाही फवारणी होऊ दिली नाही.

दापोलीच्या कृषी विद्यापीठात त्याच विळ्याचं शास्त्र कळलं. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभ्या मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो. त्यांच्या जागी हायड्रोजन आणि अ‍ॅल्युमिनियम चिकटून बसतात. मातीचा सामू, म्हणजे पीएच, पाचच्या आसपास घसरला की मोकळं झालेलं अ‍ॅल्युमिनियम मुळांची टोकं आखडवतं आणि दिलेलं स्फुरद मातीतच अडकतं. सामूचा एकेक आकडा दहापटीचा असतो. चारची माती पाचच्या मातीपेक्षा दहापट आम्ल. परीक्षेपुरतं हे पाठ होतं. खरं समजलं ते केरळात.

बँकेत कृषी अधिकारी म्हणून लागले आणि बदली झाली आलप्पुळा जिल्ह्यात. कुट्टनाड म्हणजे वेंबनाड तलावाच्या दक्षिणेचा सखल भाग. इथली भातशेती समुद्रसपाटीच्या खाली, काही ठिकाणी दोन मीटरपर्यंत. पावसाळ्यात सगळं पाण्याखाली. मग बांध दुरुस्त करायचे, पंपांनी पाणी बाहेर काढायचं आणि उघड्या पडलेल्या चिखलात ‘पुंजा’ हंगामाचं भात पेरायचं. एका बांधाआतल्या शेतांच्या समूहाला पाडशेखरम म्हणतात. पाणी एकत्रच काढावं लागतं, त्यामुळे शेजाऱ्याशी भांडण परवडत नाही.

यातल्या काही जमिनी ‘करी’ जमिनी म्हणून ओळखल्या जातात, वैक्कम आणि पुरक्काडच्या बाजूला. काळी, हलकी, कुजलेल्या झाडपाल्यानं भरलेली पीट माती. फार पूर्वी इथलं जंगल समुद्राखाली गेलं, आणि नांगरताना अजून अर्धवट कोळसा झालेले ओंडके वर येतात. एवढं सेंद्रिय द्रव्य बघून कोकणातला माणूस हरखून जाईल. मीही हरखले. एक वयस्क शेतकरी होते, त्यांना मी चेट्टा, म्हणजे दादा, म्हणायची. ते म्हणाले, “मॅडम, हिचा रंग बघू नका, पाणी बघा.” चरातल्या पाण्यावर तांबूस तेलकट तवंग होता आणि सुकलेल्या बांधाच्या मातीवर पिवळे डाग. सामू मोजला तर साडेतीनच्या आसपास.

पिकानं मरावं अशीच ती माती. तिच्यात दोन आम्लं एकत्र येतात. एक कुजणाऱ्या वनस्पतींचं. दुसरं समुद्रानं ठेवून गेलेल्या गंधक-लोहाचं: पाण्याखाली ते निपचित असतं, पण माती सुकून हवा लागली की त्याचं गंधकाम्ल होतं. बांधावरचे पिवळे डाग त्याचेच. म्हणून इथे पाणी काढणंही धोक्याचं आणि न काढणंही.

यावर उपाय चुनाच, आणि तोही शिंपल्यांचा. वेंबनाडमधल्या काळ्या शिंपल्यांना तिथे कक्क म्हणतात आणि भाजलेल्या चुन्याला कुम्मायम. परक्या मुलखात ती पांढरी पोती बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. केरळ कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ६०० किलोंची: ३५० किलो पहिल्या नांगरटीला, २५० किलो पेरणीनंतर महिनाभरानं. चुना विस्कटून माती कालवायची, मग पाणी आत घ्यायचं, काही काळ ठेवायचं आणि पंपानं बाहेर काढायचं. सुटलेलं आम्ल धुऊन काढल्याशिवाय नुसत्या चुन्यानं भागत नाही. चेट्टा हे धुणं दोनदा करत. कर्जाच्या कागदात चुन्याचा खर्च कमी धरला की ते चिडायचे. त्यांच्या मते खत उधार मिळतं, चुना नाही, म्हणून पैसा आधी चुन्याला. मला आजही त्यांचंच पटतं.

साध्या मातीला दिलेला चुना आणि पीटला दिलेला चुना यात फरक आहे. सेंद्रिय द्रव्य आम्ल धरून ठेवतं. सामू एका आकड्यानं वर आणायला खूप चुना खर्ची पडतो. पण निव्वळ पीटमध्ये अ‍ॅल्युमिनियम कमी असतं, म्हणून तिथे सामू साडेपाचला आला तरी पिकं समाधानानं वाढतात. तिला साडेसहावर ओढणं म्हणजे पैसे घालवणं आणि वर तांबं, जस्त, मँगनीज यांची उपासमार ओढवून घेणं. शिवाय आंबटपणा गेला की जिवाणू जोमानं कामाला लागतात, पीट वेगानं कुजते आणि जमीन खाली बसते. इंडोनेशियात मध्य कालिमंतानला १९९५ साली सुमारे दहा लाख हेक्टर दलदल भातासाठी मोकळी करायचा सरकारी घाट घातला गेला. कालवे खणून पीट सुकवली, १९९७ साली ती पेटली, भात पिकलं नाही आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. खोल पीटचं चुन्यानं शेत करता येत नाही. तिला पाण्याखाली राहू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कुट्टनाड तगलं ते पावसाळाभर जमीन पाण्याखाली सोडण्याच्या जुन्या शिस्तीमुळे.

मन अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र तिथलीच. भाताला खारं पाणी लागू नये म्हणून तण्णीरमुक्कमचा बंधारा १९७० च्या दशकात झाला. दरवर्षी डिसेंबरच्या सुमाराला तो बंद करतात आणि भात वाचतं. पण काळ्या शिंपल्याला पिल्लं होण्यासाठी थोडं खारं पाणी लागतं. बंधाऱ्याच्या दक्षिणेला तो कमी होत गेला. तळाशी साचलेले जुने शिंपले सिमेंटसाठीही उपसले गेले. ज्या चुन्यावर ही शेती उभी आहे तो देणारा जीवच शेतीच्या सोयीनं मागे हटतो आहे. शिंपले वेचणाऱ्यांच्या वस्तीत कर्जवाटपाला गेले की हे हिशेब डोळ्यांपुढे येत. बंधारा किती महिने बंद ठेवायचा हे ठरवताना त्या माणसांना विचारलंच पाहिजे.

नंतर बदली झाली फलटणच्या बाजूला. तिथे उसाची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. शेतकरी त्याला केवडा म्हणतात. मातीवर सौम्य आम्लाचे थेंब टाकले की फसफस उठायची. चुनखडीचे खडे मातीत आधीच इतके की लोह पिकाला मिळेना. कुट्टनाडात ज्यानं पीक वाचवलं त्याच्याचमुळे इथे ऊस उपाशी. इथे चुन्याचं पोतं शेतावर नेणं हा गुन्हाच.

आता मी गावी असते. गेल्या काही वर्षांत कोकणातही दुकानदार सरसकट चुना घाला म्हणून सांगतात, त्याचं वाईट वाटतं. भातखाचरात पाणी उभं राहिलं की आम्ल मातीचा सामू आपोआप वर सरकतो. तिथे घाई नको. काजू आंबट मातीत सुखानं वाढतो. भाताच्या मागून भुईमूग घेणाऱ्यांनी मात्र विचार करावा, कारण जमिनीत गेलेल्या आऱ्यांना शेंग भरायला भोवतालच्या मातीतूनच कॅल्शियम घ्यावं लागतं.

म्हणून माझी विनंती आहे. चुना घेण्याआधी शेताच्या आठ-दहा जागांची माती एकत्र करून प्रयोगशाळेत पाठवा आणि सामूबरोबर चुन्याची गरजही काढून मागा. सामू साडेपाचच्या खाली असेल तरच चुना घाला, पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी घाला, आणि युरिया त्याच्याबरोबर टाकू नका, त्यातलं नत्र हवेत उडून जातं.