पाच गुण

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका औषधी रसायनांच्या कारखान्याचा मेल सर्व्हर माझ्याकडे आला, तेव्हा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसातली मांडणी मी जशीच्या तशी उचलून तिथे बसवली. लिनक्सवर पोस्टफिक्स, व्हायरससाठी क्लॅमएव्ही, स्पॅमसाठी स्पॅमअसॅसिन. ठाण्यात ती बिनबोभाट चालत होती. डोंबिवलीत चौथ्याच दिवशी मालकांचा फोन. "अहो, परदेशातली एक चौकशी यायची होती. पार्टी म्हणते, पाठवलीय."

आली होती. अडकवलेल्या मेलांच्या ढिगात पडून होती. व्हायग्राच्या जेनेरिक गोळीसाठी सिल्डेनाफिल सायट्रेट, किलोचा भाव काय? स्पॅमअसॅसिनचा प्रत्येक नियम थोडे थोडे गुण देतो, बेरीज पाचावर गेली की मेल स्पॅम. असल्या औषधांच्या नावांवर तर नियम टपलेलेच असतात. आणि कारखान्याची चूल त्याच नावांवर पेटत होती. चूक माझी, गिऱ्हाईक काय बनवतं, हे मी विचारलंच नव्हतं.

ते नियम बंद केले आणि स्पॅमअसॅसिनमधल्या बेझला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या गाळणीला, शिकवायला बसलो. निदान २०० चांगले आणि २०० वाईट मेल पाहिल्याखेरीज तो तोंड उघडत नाही, हा त्याचा सभ्यपणा मला आवडतो. सेल्सच्या मॅडमना शेजारी बसवून एकेक मेल विचारत गेलो.

"हा? विषयच नाही."

"राहू दे हो, ट्रान्सपोर्टवाला आहे. तो विषय कधीच लिहीत नाही."

क्लॅमएव्ही फुकट आहे, पण एक जीबीहून जास्त मेमरी खातो आणि नवाकोरा व्हायरस त्याच्या हातून निसटू शकतो. म्हणून एक्झी फाइल मी दारातच नाकारतो. ग्रेलिस्टिंग म्हणजे आपल्या सरकारी कचेरीचीच विद्या: अनोळखी सर्व्हरला पहिल्या खेपेला 'नंतर या' सांगायचं. खरा पुन्हा येतो, स्पॅमवाला बहुधा फिरकत नाही. ओटीपी मात्र रखडतात. अकाउंट्सवाल्यांच्या शिव्या खाऊन मी ते तिथे काढून टाकलं. नव्या ठिकाणी हल्ली स्पॅमअसॅसिनऐवजी आरस्पॅमडी बसवतो, चपळ आहे. पण डोंबिवलीतलं शिकलेलं डोकं मोडवत नाही.

अजून रोज सकाळी, डोंबिवली फास्टमध्ये दाराशी चेंगरून, एका हाताने अडकलेल्यांची यादी चाळतो. परवा एक दिसला: ५.२ गुण, विषय रिकामा, आत नुसती पीडीएफ.

पाठवणारा पाहिला आणि सोडला.