मामू, डोकं जड होतं

भाची ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. करते. सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "मामू, लॅबमधून आलं की डोकं जड होतं."

कारण डायक्लोरोमिथेन. हा द्रावक साधारण 40 अंशांवर उकळतो, म्हणून उघड्या भांड्यातून भराभर हवेत उडतो. नायट्राइलच्या हातमोज्यातून काही मिनिटांत आरपार जातो. शरीरात गेल्यावर त्याच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

मी भाषेचा शिक्षक. मला वाटायचं, महत्त्व औषधाला. ते कशात विरघळवतात याला काय? पण औषधनिर्मितीच्या कचऱ्यात मोठा वाटा द्रावकांचाच. नैराश्यावरचं सरट्रालिन बनवताना फायझर डायक्लोरोमिथेन, टेट्राहायड्रोफ्युरान, टोल्युइन आणि हेक्झेन वापरायची. पुढे तीन टप्पे एकत्र करून ते काम एकट्या इथेनॉलमध्ये बसवलं. 2002 मध्ये अमेरिकेत त्याला हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला.

"इथेनॉल म्हणजे शराबच ना?" अम्मी दचकली.

"अम्मी, प्यायचं नाही. आणि अल्कोहोल हा शब्द अरबी 'अल-कुहल'वरून आला. म्हणजे तुझा सुरमा!"

अम्मी हसली. भाची मात्र गंभीर होती. "इथेनॉलही पेट घेतं, मामू. पूर्ण निर्धोक काहीच नसतं, कमी घातक निवडायचं. माझ्या कामात इथिल ॲसिटेट चालेल असं वाटतं. पण सरांना कसं विचारू?"

वर्गात मी रोज सांगतो, प्रश्न विचारणं म्हणजे बेअदबी नव्हे. तिलाही तेच सांगितलं.

काल फोन आला. सर म्हणाले, "आधी थोड्यावर करून बघ."