भंडारदऱ्याच्या काठी एका पातेल्याचं जेवण

थंडी पडू लागली की मुंब्रा, भिवंडी, कल्याणकडची कितीतरी कुटुंबं शनिवार-रविवार साधून भंडारदऱ्याला निघतात. कसारा घाट चढायचा, घोटीला उजवीकडे वळायचं, बारी गावावरून शेंडीला पोहोचायचं. बारीपाशी डोक्यावर कळसूबाई असते, १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. शेंडीला प्रवरेवरचं विल्सन धरण. ते १९२६ साली पूर्ण झालं आणि तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. धरणामागचा जलाशय रतनगडाच्या पायथ्यापर्यंत पसरलेला आहे. त्याच्या काठानं मुरशेत, पांजरे, रतनवाडी अशी गावं आहेत. या गावांतली तरुण मुलं आता पर्यटकांना तंबू भाड्यानं देतात. आम्ही नऊ जण मागच्या डिसेंबरात तिथे एक रात्र राहिलो. दादी, अब्बा-अम्मी, मामूजान-मामी आणि आम्ही चार मुलं.

तंबूवाल्यांच्या दरात जेवण धरलेलं असतं आणि त्यात बहुतेक ठिकाणी भाजलेली कोंबडी असते. आपल्या घरांचा प्रश्न तिथेच सुरू होतो. कोंबडी कुणी कापली, कशी कापली, हे अनोळखी गावात कुणाला विचारणार? विचारलं तर समोरच्याला वाटतं आपल्यावर संशय घेतात. न विचारता खावं तर घास उतरत नाही. यावर जुना उपाय म्हणजे घरून बिर्याणीचं पातेलं बांधून नेणं. पण त्यासाठी अम्मी आणि मामी आदल्या रात्री एक वाजेपर्यंत जागतात, पहाटे पुन्हा उठतात आणि तलावाकाठी पोहोचल्यावर अर्धा दिवस झोपतात. सहल सगळ्यांची आणि रांधणं दोघींचं. म्हणून या वेळी ठरवलं की जेवण साधं करायचं आणि ते अब्बा, मामूजान आणि मुलांनी करायचं. झटपट नूडल्स, उकडलेली अंडी, चिरलेल्या भाज्या.

नूडल्स निवडतानाही डोळे उघडे हवेत. हा पदार्थ मूळचा जपानचा. मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली तो बाजारात आणला. शिजवलेल्या शेवया तेलात तळल्या की त्यांतलं पाणी उडून जातं आणि बारीक छिद्रं राहतात. गरम पाणी त्या छिद्रांतून लगेच आत शिरतं, म्हणून त्या दोन-तीन मिनिटांत मऊ होतात. भारतात १९८३ पासून त्या घराघरांत पोहोचल्या. आपल्याकडच्या पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर आतला मसालाही शाकाहारी असतो. तपासावी लागतात ती परदेशी पाकिटं. काही कोरियन नूडल्समध्ये डुकराचे किंवा गाईचे अंश असतात. ‘ई ६३१’ हा चव वाढवणारा घटक मांस-मासळीपासूनही बनतो आणि वनस्पतीपासूनही. नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही. तेव्हा परदेशी पाकिटावर ओळखीचा हलाल शिक्का असेल तरच घ्यावं. आम्ही साधी हिरव्या ठिपक्याची देशी पाकिटं घेतली. त्याचा उपयोग पुढे वेगळ्याच कारणानं झाला.

आमचे तंबू गावाच्या कडेला एका घराच्या अंगणाखाली होते. आम्ही पोहोचलो तेव्हा असरची वेळ झाली होती. मुंब्र्याहून हे अंतर साधारण दीडशे किलोमीटर, म्हणजे आम्ही मुसाफिर. जोहर, असर आणि इशाचे चारऐवजी दोन फर्ज, मगरिबचे मात्र तीनच. मामूजान कोकणातले, शाफई. त्यांच्याकडे सफरीत जोहर-असर जमा करायची सवलत आहे, त्यामुळे ते घाटाआधीच दोन्ही उरकून आले होते. मुलांनी सूर्य मावळतो तिकडे चटया टाकल्या, तेव्हा अब्बांनी त्या उजवीकडे फिरवल्या. डिसेंबरात सूर्य नैऋत्येकडे सरकून मावळतो आणि आपल्याकडून किब्ला पश्चिमेच्या किंचित उत्तरेला आहे. हिवाळ्यात मावळतीकडे तोंड करून उभं राहिलं की किब्ला बराच उजव्या हाताला राहतो. उन्हाळ्यात तो डावीकडे जातो.

मगरिबनंतर शेगड्या काढल्या. आमच्याकडे कॅन बसवायच्या दोन छोट्या शेगड्या होत्या. त्यांत ब्यूटेन वायू असतो. थंडी वाढली की तो नीट बाहेर पडत नाही आणि ज्योत मंदावते. म्हणून कॅन संध्याकाळपासून पांघरुणात गुंडाळून ठेवले होते. ते आगीजवळ कधीही शेकू नयेत. शेगडीपेक्षा मोठं पातेलं ठेवून कॅन झाकूही नये, तो तापून फुटू शकतो. आणि कितीही बोचरं वारं असलं तरी तंबूच्या आत शेगडी पेटवू नये. बंद जागेत जळताना विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. आम्ही दोन गाड्यांच्या मध्ये आडोसा केला. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे, तेव्हा गवतात उघडी शेकोटी करायचं मनातही आणलं नाही.

पाणी उकळत होतं तेवढ्यात वरच्या घरातली मावशी खाली आली. हातात नागलीच्या भाकरी आणि पिठल्याचं भांडं. जरा दूरच थांबून तिनं विचारलं, “तुमच्यात आमच्या घरचं चालतं का?”

दादी म्हणाली, “चालतं की! पिठलं-भाकरीला कोण नाही म्हणेल?”

मावशी हसली आणि शेजारी बसली. बोलता बोलता कळलं की तिचं घर माळकरी. पंढरीची वारी असते, घरात मांस-मच्छी नाही, अंडंसुद्धा नाही. तंबूवाल्या पर्यटकांची कोंबडी तिचा पुतण्या अंगणापासून लांब भाजतो. मामीनं भाजलेल्या जवळ्याचा डबा आणला होता. तो तिनं हळूच परत पिशवीत ठेवला. अंडी उकडायची शेगडी मामूजाननी उचलून गाड्यांच्या पलीकडे नेली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

मावशीच्या दोन नाती मात्र आमच्या पातेल्याकडे बघत होत्या. नूडल्सचा वास कुठल्या मुलाला आवडत नाही? अब्बा त्यांना वाढायला निघाले, तेव्हा अम्मीनं त्यांचा हात धरला. मग मावशीला म्हणाली, “बाई, पाकीट शाकाहारी आहे, पण या पातेल्यात आमच्या घरी मटण शिजतं. घासलेलं आहे, स्वच्छ आहे. तरी तुम्हाला माहीत असावं.”

क्षणभर कुणी बोललं नाही. न सांगता वाढलं असतं तर मावशीला कधी कळलं नसतं. पण आपण बाहेर जेवताना जे कुणीतरी आपल्याला खरं सांगावं असं वाटतं, ते दुसऱ्याला आपणही सांगायला हवं. खाण्याबाबत कुणी आपल्यावर विश्वास टाकला तर तीही अमानतच.

मावशी उठली. आम्हाला वाटलं, आता मुलींना घेऊन जाईल. ती वर गेली आणि स्वतःच्या घरचं जर्मनचं पातेलं घेऊन आली. “यात करा,” म्हणाली.

त्या पातेल्यात आमच्या भावानं चार पाकिटं शिजवली. प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे. सत्तर ग्रॅमच्या एका पाकिटाला साधारण दीड कप पाणी. रस्सा हवा असेल तर थोडं जास्त. आधी पाण्यात गाजर-कोबी टाकून दोन मिनिटं उकळू द्यायचं, मग नूडल्स आणि झाकण. मसाल्याची पुडी आम्ही अर्धीच घालतो, कारण तिच्यात मीठ फार असतं आणि दादीला रक्तदाब आहे. चवीची कसर घरून आणलेला तळलेला कांदा, लिंबू आणि कोथिंबीर भरून काढतात. हुजूर (स.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना रस्सा करताना पाणी वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवायला सांगितलं होतं. ते अब्बांनी मुलांना तिथेच सांगितलं आणि भावानं आणखी एक पेला पाणी ओतलं.

त्या रात्री जेवण असं झालं: मावशीचं पिठलं-भाकरी आमच्या ताटांत, आमच्या नूडल्स तिच्या नातींच्या ताटल्यांत. अंडी ज्यांना हवी त्यांनी गाडीपलीकडे जाऊन खाल्ली. अम्मी आणि मामी शाल गुंडाळून पाण्याकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांना कुणी उठवलं नाही. इशाची नमाज झाल्यावर मावशीनं दादीला विचारलं, “काय मागितलंत?” दादी म्हणाली, “सगळ्यांसाठी मागितलं. तुमच्या नातींसाठीपण.”

भांडी आम्ही जलाशयात धुतली नाहीत. हेच पाणी पुढे प्रवरेतून गावोगावी जातं. कॅनमधल्या पाण्यानं, काठापासून दूर खड्ड्याशी धुतली. पाकिटं आणि मसाल्याच्या पुड्या मोजून पिशवीत भरल्या. बारा पाकिटं, बारा पुड्या. वाऱ्यानं उडालेली एक पुडी शोधायला धाकट्याला विजेरी घेऊन पाठवलं.

फजरला पाण्यावर दाट धुकं होतं. पलीकडचे डोंगर दिसत नव्हते. वुजूचं पाणी इतकं गार होतं की मुलं ओरडत होती, पण पाणी हाताशी असताना तयम्मुमची सवलत नाही, असं म्हणून मामूजाननी कुणाला सोडलं नाही. निघताना मावशीचं पातेलं परत द्यायचं होतं. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत त्यांच्या घरीही होती आणि आमच्याही. अम्मीनं त्यात खजूर भरले. मावशीनं ते तिथेच दुसऱ्या ताटात काढून घेतले आणि आमच्या रिकाम्या डब्यात नागलीचं पीठ भरून दिलं. घरी आल्यावर दादीनं त्याच्या भाकरी केल्या. जरा तुटल्या, पण सगळ्या संपल्या.