प्रेमकथेतला अडसर

प्रेमकथात्मक कादंबरी हा मराठीत अतिशय वाचला गेलेला आणि अतिशय कमी आदराने उल्लेखिला जाणारा वाङ्मयप्रकार आहे. ज्या पुस्तकांच्या देवघेवीवर गावोगावच्या वाचनालयांच्या वर्गण्या जमा झाल्या, त्यांच्याविषयी टीकाकारांनी ‘रंजनपर’ असा एक शेरा मारून प्रकरण दप्तरी दाखल केले; आणि ज्यांनी ती तारुण्यात रात्र जागवून वाचली होती त्यांनीही, पुढे प्रतिष्ठा आल्यावर, त्या वाचनाचा उच्चार करण्याचे टाळले. हा निकाल फेरविचारास पात्र आहे असे मला फार दिवसांपासून वाटत होते, आणि गेल्या पावसाळ्यात ना. सी. फडक्यांच्या ‘दौलत’पासून मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’पर्यंत प्रेमाच्या जितक्या कादंबऱ्या हाती लागल्या तितक्या सलग वाचून काढल्यानंतर ते मत अधिकच दृढ झाले.

प्रेम जडण्यास कादंबरीत फारशी जागा लागत नाही. पहिली भेट, दुसरी भेट, एखादे पत्र, एखादी पावसाची संध्याकाळ, एवढ्यावर ते काम चार-दोन प्रकरणांत उरकते. मागे उरतात ती दोनशे पाने, आणि ती बहुतेक सगळी त्या दोघांच्या आड येणाऱ्या गोष्टीची असतात. हा अडसर लेखकाने कोठे मांडला, कशाचा घडवला, आणि अखेरीस काढलाच तर कोणत्या किमतीस काढला, यावर प्रेमकथेचे मोल ठरते असे माझे मत आहे. कारण प्रेमाविषयी बहुतेक लेखक सारखेच बोलतात, परंतु अडसराविषयी बोलू लागताच प्रत्येकाला आपला समाज, आपला काळ आणि आपले स्वतःचे धैर्य यांच्यासंबंधी जबाब द्यावाच लागतो.

लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. तेथे आणि तिच्या मागून आलेल्या अद्भुतरम्य कथांत प्रेमिकांच्या आड येतो तो एखादा दुष्ट मनुष्य आणि त्याचे कारस्थान. त्याचे पारिपत्य झाले की मार्ग निर्वेध होतो, आणि ज्या व्यवस्थेत असले कारस्थान सुखाने चालू शकते तिच्याकडे बोट दाखवण्याची गरज कोणालाही भासत नाही. फडक्यांनी या दुष्टाला रजा दिली. मेरी कॉरेलीच्या कादंबरीच्या आधारे १९१७ साली ‘अल्ला हो अकबर’ लिहून ज्यांनी प्रारंभ केला, त्या फडक्यांनी पुढच्या दोन दशकांत मराठी प्रेमकथेला जी ऐट, जी गती आणि जे नेटके गद्य दिले त्याबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. त्यांचे तरुण-तरुणी कॉलेजात जातात, टेनिस खेळतात, मोटारीतून फिरतात, आणि मुख्य म्हणजे एकमेकांच्या डोळ्याला डोळा देऊन बरोबरीने बोलतात. १९२८-२९च्या सुमारास, जेव्हा कित्येक घरांत नवरा-बायकोचेही वडीलधाऱ्यांदेखत बोलणे होत नसे, तेव्हा छापील पानावर असे संभाषण वाचावयास मिळणे ही केवढी मोकळीक असेल याची कल्पना आजच्या वाचकाने मुद्दाम करून पाहावी. कथेतील गुंतागुंत कशी रचावी आणि कशी उकलावी याचे शास्त्रच त्यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ या ग्रंथात मांडले. परंतु त्यांचा अडसर बहुधा गैरसमजाचा असतो. कोणी अर्धेच बोलणे ऐकलेले असते, कोणाचे पत्र वेळेवर पोचलेले नसते, कोणाच्या पूर्वायुष्यातली एखादी बाब झाकून राहिलेली असते; आणि एका खुलाशाने दूर होण्याजोग्या त्या अडसरापायी दोन शहाणी, सुशिक्षित माणसे प्रकरणामागून प्रकरणे झुरत राहतात, तेव्हा वाचकाची उत्सुकता वाढत असली तरी विश्वास ओसरत जातो. ज्यांच्या आड येण्याजोगे जगात काहीही नाही, ना पैसा, ना जात, ना कायदा, अशांचीच प्रेमे लेखकाने निवडली, आणि मग त्यांच्या वाटेत हाताने काटे पसरले, अशी माझी फडक्यांविषयी तक्रार आहे.

वि. स. खांडेकरांनी तो अडसर माणसाच्या सदसद्विवेकात नेऊन ठेवला. ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ या वादात दोघांची नावे इतकी समोरासमोर उभी करण्यात आली की, खांडेकरही मूलतः प्रेमकथाच लिहीत होते याचा आपल्याला विसर पडतो. १९४२च्या ‘क्रौंचवधा’त सुलोचनेच्या एका बाजूस क्रांतिकार्यात उडी घेतलेला दिलीप आहे आणि दुसऱ्या बाजूस संस्थानातला डॉक्टर असलेला पती, तिला पडलेला पेच कोणत्याही खुलाशाने सुटणारा नाही, कारण त्यात प्रेमाबरोबर देशाची, सुखवस्तू आयुष्याची आणि संस्कृत पंडित असलेल्या वडिलांच्या शिकवणुकीचीही फाळणी झालेली आहे. खांडेकरांचे दिलीप-सुलोचना बोलू लागले की मधूनच त्यांचा निर्माता त्यांना बाजूला सारून स्वतः बोलू लागतो, सुभाषितांची झड लागते, आणि प्रेमाचा प्रसंग व्याख्यानाच्या भाराखाली दबून जातो, हे मलाही जाणवते. तरीसुद्धा १९५९च्या ‘ययाती’त, जेथे ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कैफियत स्वतःच मांडतात, तेथे तो भार पुष्कळसा हलका झालेला आहे. कचावरचे प्रेम मनात जपून राजाच्या घरी आलेली देवयानी वाचताना मला तिचा राग आला, आणि पुढल्याच प्रकरणात तिची बाजू कोणी घेतलीच नाही याची खंतही वाटली. एकाच पात्राविषयी अशा दोन्ही भावना उत्पन्न करणे सोपे नव्हे.

परंतु या सर्व वाचनात ज्या पुस्तकापाशी मी सर्वांत अधिक रेंगाळलो ते विभावरी शिरूरकरांचे ‘हिंदोळ्यावर’. हे नाव घेऊन लिहिणाऱ्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर, यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने १९३३ साली जे वादळ उठवले त्याची हकिकत पुष्कळांना ठाऊक असते, मात्र त्याच्या पुढच्याच वर्षी आलेली ही कादंबरी त्या मानाने मागे राहिली. नवऱ्यापासून दूर राहणारी अचला दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते, त्याच्याबरोबर संसार करू पाहते, मातृत्वाची इच्छा धरते. आणि तिच्या वाटेत उभा राहतो तो ना दुष्ट मनुष्य, ना गैरसमज, तर साक्षात कायदा. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. मुंबई इलाख्यात तसा कायदा व्हायला १९४७ साल उजाडले, आणि सबंध देशासाठी हिंदू विवाह कायदा आला तो १९५५ साली. तोपर्यंत, ज्या जातींत काडीमोड आणि पाट यांची रूढी होती त्यांची गोष्ट निराळी. परंतु ज्यांत ती नव्हती तेथल्या स्त्रीने टाकून दिलेल्या अवस्थेत जन्म काढायचा, आणि पुरुषाने मात्र हवी तर दुसरी बायको करायची, असा रिवाज होता. पुरुषाची ती मोकळीकही मुंबई इलाख्यात १९४६च्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्याने बंद झाली. म्हणजे ‘हिंदोळ्यावर’ लिहिली गेली तेव्हा अचलेच्या प्रेमाला नाव देणारा एकही दस्तऐवज या इलाख्यात उपलब्ध नव्हता.

माझी सारी नोकरी दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत गेली, त्यामुळे हे पुस्तक मला इतरांपेक्षा अधिक लागले असेल. नवऱ्याने बायकोवर लावलेल्या नांदण्याच्या दाव्यांची कागदपत्रे मी वर्षानुवर्षे हाताळली आहेत. त्या कागदांत लग्नाची तारीख असते, लग्न कोठे लागले ते गाव असते, अंगावर काय घातले त्या दागिन्यांची यादी असते, माहेरी निघून गेल्याचा दिवस असतो. हे सर्व मुद्दे साक्षीपुराव्यानिशी शाबीत करावे लागतात. बाईला तो मनुष्य आवडत होता काय, हा मुद्दा काढलेला मी कधी पाहिला नाही. याच इलाख्यात रखमाबाईंवर असाच दावा झाला होता, १८८७ साली न्यायालयाने त्यांना नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम फर्मावला होता, आणि त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली होती. पुढे नवऱ्याला रक्कम देऊन तो कज्जा मिटला आणि त्या इंग्लंडात जाऊन डॉक्टर झाल्या. अचला ही माझ्या दृष्टीने त्या मुद्दे न निघालेल्या दाव्यांतली प्रतिवादी आहे, जिला अखेर आपला जबाब सविस्तर देण्याची संधी मिळाली.

वाचनालयातून मी आणलेली प्रत जुनी, पुठ्ठ्याची बांधणी केलेली, कडा कापून कापून समास अरुंद झालेला. त्या उरलेल्या समासात कोणीतरी शिसपेन्सिलीने बारीक उभ्या रेघा ओढल्या आहेत. प्रेमिकांच्या भेटीच्या पानांवर त्या मला आढळल्या नाहीत. जेथे अचला आपल्या स्थितीचा विचार करते, लोक काय म्हणतील याचा आणि होणाऱ्या मुलाला काय म्हणतील याचा हिशेब मांडते, तेथे तेथे त्या आहेत. ती वाचक कोण होती हे कळण्यास मार्ग नाही, परंतु प्रेमकथा माणसे केवळ मनोराज्यासाठी वाचतात असे म्हणणाऱ्यांनी ती प्रत एकदा चाळावी.

कायद्याने पुढे एका प्रेमकथेला प्रत्यक्षच न्यायालयात उभे केले. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ सालच्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली, अश्लीलतेच्या कलमाखाली खटला झाला, उच्च न्यायालयात शिक्षा झाली आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवले. वाङ्मयीन गुण बेताचे असले तरी तेवढ्याने कथा अश्लील ठरत नाही, असा त्या निवाड्याचा मथितार्थ आहे, आणि मला तो न्याय्य वाटतो. ‘श्यामा’पेक्षा सुमती क्षेत्रमाडे, योगिनी जोगळेकर यांच्या कादंबऱ्यांनी मला अधिक काही दिले, दुपारच्या वेळी वाचनालयात रांग लावणाऱ्या स्त्रियांनी ज्या नावांना जवळ केले, त्यांच्याकडे टीकाकारांनी पाठ फिरवण्याआधी निदान त्या रांगेचा मान राखायला हवा होता.

पुढे अडसर आत शिरला. गौरी देशपांड्यांच्या ‘तेरुओ’तल्या मराठी स्त्रीला जपानमधल्या तेरुओवर प्रेम करण्यास कोणी मज्जाव करीत नाही; ती शिकलेली आहे, जगभर हिंडलेली आहे, आपल्या मनाची धनीण आहे. तिच्या वाटेत येते ते तिचे स्वतःचेच स्वातंत्र्य, आणि हा अडसर काढून टाकण्याची तिची इच्छाही नाही. प्रेम आणि तो अडसर यांना एकत्र नांदवण्याची तिची धडपड मी आदराने वाचली, जरी तिच्या ऐश्वर्याच्या आणि प्रवासाच्या जगात माझा जीव फार काळ रमला नाही. ‘शाळा’ त्या मानाने माझ्या ओळखीच्या रस्त्यावरची. आणीबाणीच्या दिवसांतला नववीतला मुकुंद ज्या मुलीवर जीव टाकतो तिला मनातल्या मनातसुद्धा आडनावाने ‘शिरोडकर’ म्हणतो, कारण वर्गातल्या मुलीचा उल्लेख तसाच करायचा असतो. त्या एका रीतीत आमच्या साऱ्या शालेय जगाचा संकोच बोकिलांनी पकडला आहे.

आणि तरी एक अडसर असा आहे, ज्याला मराठी प्रेमकथेच्या पांढरपेशा परंपरेने वळसा घातला. फडक्यांच्या नायिकेचे आणि नायकाचे आडनाव वाचताच लग्नास जातीची हरकत येणार नाही हे वाचकाला कळून चुकते. ती हरकत कथेच्या मध्यभागी आणली अण्णा भाऊ साठे यांनी. त्यांच्या ‘आवडी’त चौगुल्याच्या घरातली आवडी आणि रामोशी समाजातला धनाजी यांचे प्रेम जमते; या दोघांमध्ये गैरसमज नाही, संशय नाही, मनाचे द्वंद्वही नाही; त्यांना एकमेकांविषयी जितकी खात्री आहे तितकी मराठीतल्या फार थोड्या प्रेमिकांना असेल, आणि नेमकी त्याच खात्रीमुळे तिची स्वतःची माणसे तिच्या जिवावर उठतात. वर्णन आटोपशीर आहे, भाषा बोलीच्या जवळची आणि धारदार आहे, काही प्रसंग घाईने उरकले आहेत हेही खरे. परंतु प्रेम करणे म्हणजे काय पणाला लावणे, हे या लहानशा पुस्तकाइतके स्पष्ट मला दुसऱ्या कोठेही वाचायला मिळाले नाही. वर्तमानपत्रांत अजूनही अशा हत्यांच्या बातम्या येतात, त्यामुळे ही कथा जुनी झाली असे म्हणण्याची सोय आपल्याला उरलेली नाही.

आमच्या वाचनालयात ‘आवडी’ सापडण्यास मला बराच वेळ लागला. प्रेमकथांच्या कपाटात फडके, काकोडकर, क्षेत्रमाडे ओळीने लावलेले. ‘आवडी’ मात्र दुसऱ्या दालनात, ग्रामीण आणि दलित साहित्य अशी पाटी असलेल्या कपाटात. ग्रंथपाल बाईंना मी विचारले, तर त्या म्हणाल्या, “काका, वर्गीकरण बऱ्याच वर्षांपूर्वीचं आहे. बदलायचं तर समितीचा ठराव लागतो, तुम्ही लेखी द्या.” मी त्याच दिवशी अर्ज लिहून दिला. या कादंबरीची एक प्रत आहे त्या कपाटात ठेवावी आणि दुसरी विकत घेऊन ‘दौलत’ आणि ‘हिंदोळ्यावर’ यांच्या शेजारी प्रेमकथांत लावावी, तिची किंमत मी देईन, अशी विनंती त्यात केली आहे, आणि पुढच्या सभेत तो अर्ज वाचला जाईल तेव्हा आपले म्हणणे मांडण्यासाठी मी स्वतः हजर राहणार आहे.