व्यापारनीतीचे मोजमाप

इस्लामी व्यापारनीतीचे विद्यापीठीय संशोधन हा दूरदेशीचा विषय आहे, असा सुशिक्षितांचा समज आढळतो. वस्तुतः त्याचे एक मूळ आमच्या शेजारीच आहे. आमचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे त्या वेळचे औरंगाबाद, निजामाच्या राज्यात होते. व्याजाचा कडवा निषेध करणारे मौलाना मौदुदी १९०३ साली जन्मले ते याच शहरात. पुढे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात अन्वर इक्बाल कुरेशी यांनी व्याजाच्या उपपत्तीची अर्थशास्त्राच्या अंगाने चिकित्सा केली. आणि तेथेच अध्यापन केलेल्या मुहम्मद हमीदुल्ला यांनी १९५५ साली एका जर्मन नियतकालिकात हैदराबादेतील बिनव्याजी कर्जसंस्थांची हकीकत मांडली. हमीदुल्लांविषयी आम्हांस विशेष अगत्य वाटते. त्यांनी ग्रंथांबरोबर व्यवहारही पाहिला.

नंतर वारे फिरले. अब्बास अली यांनी १९८८ साली इस्लामी कार्यनीती मोजण्याची मापनपट्टी प्रसिद्ध केली. तेव्हापासून मलेशियात, पाकिस्तानात, आखाती देशांत प्रश्नावल्यांचे पीक अमाप आले आहे. प्रामाणिकपणा आपणांस महत्त्वाचा वाटतो काय? एक ते पाच यांपैकी एका आकड्यावर खूण करावी. आता, नाही कोण म्हणेल?

येथील एका कापडदुकानदाराचा मुलगा असाच आराखडा घेऊन आमच्याकडे आला. आम्ही त्यास विचारले, "उधारी थकली म्हणजे तुझे वडील काय करतात?"

"अब्बा कापूस विकला जाईपर्यंत थांबतात, सर."

अडचणीतील ऋणकोस सवड द्यावी आणि मुदतीचे देणे लिहून ठेवावे, असे कुराणाच्या दुसऱ्याच अध्यायात सांगितले आहे. परंतु थांबण्याचा भुर्दंड कोणी सोसावा? रोखीचा भाव एक आणि उधारीचा चढा, तर तो वाढावा किंमत की व्याज? सौद्याच्या वेळीच ठरलेला चढा भाव बहुतेक इस्लामी शास्त्रकारांनी ग्राह्य धरला आहे. मुदत टळल्यावर रक्कम वाढविणे मात्र निषिद्ध. मग दुकानात प्रत्यक्ष काय घडते?

"त्यासाठी वही पाहावी लागेल," तो हळूच म्हणाला.

वही पाहणे म्हणजे बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडणे, हे त्यास कळत होते. आम्हांसही कळत होते. नावे गाळता येतील, इतर दुकानांच्या वह्या मिळवता येतील, पण पहिली वही घरचीच असावी, असा आमचा आग्रह आहे. सहकारी म्हणतात, दोनशे प्रश्नावल्या भरून घ्या, मुलगा वेळेत पदवी घेईल. त्यांचे म्हणणे अव्यवहारी नाही.

वडिलांचा होकार अद्याप आलेला नाही. आराखडा आमच्या मेजावर आहे आणि त्यावर सही व्हावयाची आहे.