दळण नव्हे, भरड

गेल्या उन्हाळ्यात विलायतेस जाण्याचा योग आला. निघताना ताईने लोणच्याची बरणी हाती दिली आणि बजावले, "त्याला भेट, पण तो काय शिकतो ते मला येऊन सांगू नकोस!"

तो, म्हणजे माझा भाचा, नॉटिंगहॅमला बिअर करण्याचे शास्त्र शिकतो. आमच्या घराण्यात चहाहून कडक पेयाला कुणी शिवलेले नाही. त्यामुळे दोन वर्षे मायलेकरांत बोलणे नव्हते. मीही त्याला एक उपदेशपर पत्र धाडून मोकळा झालो होतो.

तो मला ऑक्सफर्डशायरमधील हुक नॉर्टन गावी घेऊन गेला. इवलेसे गाव, दगडी घरे आणि त्यांत सहा मजली मनोऱ्यासारखा बिअरचा कारखाना! जॉन हॅरिस यांनी १८४९ साली हा धंदा सुरू केला. १८९९ सालचे वाफेचे इंजिन अजून जपलेले आहे. इमारत उंच का? धान्य एकदा वर चढवले, की पुढे ते आपल्याच वजनाने खाली उतरते.

हे धान्य म्हणजे मॉल्ट. सातू भिजवून, मोड आणून, वाळवून भट्टीत भाजायचा. "अरे, हे तर आपले नाचणीचे सत्त्व!" मी म्हणालो. दाणा चावून पाहिला. गोडसर, खमंग लागला.

"पण मामा, सत्त्वासारखे हे दळायचे नाही," भाचा म्हणाला. दोन लोखंडी रुळांमधून दाणा नुसता चिरडायचा. आधी लोहचुंबकाने खिळे टिपायचे; नाहीतर ठिणगी पडून धान्याची धूळच पेट घ्यायची! मग रुळांतील फट अशी ठेवायची, की आतला गर फुटावा. पण टरफल शाबूत राहावे. पुढे सुमारे ६५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात गरातील पिष्टाची साखर होते आणि तळाशी बसलेल्या टरफलांच्या थरातून गोड रस निथळतो. टरफल हीच गाळणी. पीठ बारीक झाले तर चिखल होऊन रस अडतो. जाड राहिले तर साखर आतच राहते. मोठ्या कारखान्यांत रुळांच्या तीन जोड्या आणि मध्ये चाळण्या असतात. कोठे टरफल चिवट व्हावे म्हणून दाणा आधी ओलावतात. कोठे हातोड्यांच्या गिरणीत सरसकट पीठ करतात. पण तिथे रस गाळायला कापडाचे दाबयंत्र लागते.

त्याने मूठभर भरड माझ्या हातावर ठेवली. मला आमची आई आठवली. डाळ भरडताना ती जात्यात चिंधी घालून वरचा दगड किंचित उचलायची आणि पहिली मूठ बोटांनी चाचपून पाहायची. भाचाही तसाच चाचपत होता. आजी गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. वर्गात मी दळणे, भरडणे, कांडणे यांतला भेद मुलांना शिकवतो. आपल्या भाच्याला मात्र एका शब्दात 'बिघडला' म्हणून निकालात काढले होते! त्या पत्राबद्दल मी तिथेच त्याची क्षमा मागितली.

परत आल्यावर ताईकडे गेलो. ती फराळाच्या तयारीत होती. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, तिने विचारले, "काय करतो रे तो तिथे?"

"भरडतो," मी म्हणालो, "आईसारखा. बोटांनी चाचपून."

ताई काही बोलली नाही. तिने मापटे उचलले आणि चकलीच्या भाजणीत आणखी एक माप तांदूळ घातला.